महाळुंग्याच्या दवाखान्यातली परीक्षा

नेहरूनगरातल्या ओव्हाळांची विजयश्री डॉक्टर झाली याचं गल्लीला कौतुक होतंच. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती गल्लीला ठाऊक होती ती तिच्या बोलण्यामुळे. दळणाच्या रांगेत उभी राहिली तर पुढच्या-मागच्या चौघींची सगळी हकिगत घेऊन आणि स्वतःची देऊन घरी यायची. तिचे वडील प्रभाकर ओव्हाळ पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. आयुष्यभर मशीनच्या आवाजात उभा राहिलो म्हणून पोरीचा आवाज सोसतो, असं ते शेजाऱ्यांना शांतपणे सांगत.

एमबीबीएसच्या शेवटी इंटर्नशिप असते. त्यात एका पंधरवड्यासाठी आपल्या आवडीचा विभाग निवडता येतो. हुशार मुलं त्वचारोग निवडतात, कारण तिथे दुपारी घरी जाता येतं. विजयश्री अर्ज भरायला उशिरा पोचली, तोवर सगळं भरलं होतं, आणि उरला होता तो तळघरातला कॅन्सरच्या रेडिएशनचा विभाग. तोंड वाकडं करून ती तिथे गेली. पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं, तळघर आहे म्हणजे अंधार असेल, रडारड असेल. तर तिथे बाकांवर बसलेली माणसं एकमेकांना डब्यातलं थालीपीठ देत होती. रेडिएशन म्हणजे रोजचं येणं, पाच-सहा आठवडे, त्याच वेळेला, त्याच बाकावर. त्यामुळे रुग्णांची आपसात ओळख झालेली, आणि डॉक्टरांना त्यांच्या सुनांची नावंसुद्धा माहीत. बोलणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

आणि दुसरं म्हणजे फिजिक्स. तिचे वर्गमित्र बारावीनंतर ज्या विषयाला कायमचा नमस्कार करून मोकळे झाले होते, तो इथे पुन्हा भेटला आणि तिला जुनी मैत्रीण भेटल्यासारखं झालं. डॉक्टर पडद्यावर गाठीभोवती रेघ ओढायचे, इथे लाळेची ग्रंथी वाचवायची, तिथे मणक्यातली नस, आणि मग किरण कुठल्या कुठल्या बाजूंनी सोडायचे याचं गणित बसवायचं. पंधरवडा संपला तरी ती आपली ड्यूटी आटोपून तिकडे जाऊन बसायची. तिथली सीनियर रेसिडेंट अपेक्षा हसून म्हणायची की, तुझं नाव हजेरीपटात नाही, पण आवाजावरून कळतं तू आलीस ते.

विजयश्रीचं ठरलं. एमडी करायचं ते रेडिएशन ऑन्कॉलॉजीमध्येच. अडचण एवढीच होती की राज्यात त्याच्या जागा मोजक्या, चांगल्या हॉस्पिटलात तर दोन नाहीतर तीन, आणि सगळ्या देशाची मुलं एकाच प्रवेशपरीक्षेला बसतात. पहिल्या वेळी तिची रँक अशी आली की मायक्रोबायॉलॉजी मिळत होतं. ते तिने घेतलं नाही. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची, असं तिने घरात जाहीर केलं.

आता अशा वर्षात मुलं घरी बसून अभ्यास करतात. विजयश्रीनेही करून पाहिला. पण तिला मोठ्याने वाचल्याशिवाय डोक्यात काही शिरत नसे, आणि आई बालवाडीत शिकवून दुपारी घरी आली की तिच्या कानावर मूत्रपिंडाचे सगळे आजार पडायचे. महिनाभरात आईने हात जोडले. नेमकं तेव्हा एका मैत्रिणीने सुचवलं की महाळुंग्याच्या एका कंपनीत दवाखान्यासाठी डॉक्टर हवाय. काम काही नसतं, दिवसभर बसून अभ्यास करता येतो. मोठे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, बाकीच्या वेळी आपण फक्त हजर राहायचं.

काम काही नसतं हे त्या मैत्रिणीला कुणी सांगितलं, हे विजयश्रीला शेवटपर्यंत कळलं नाही.

गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारी ती कंपनी. सकाळी पिंपरीहून कंपनीची बस निघायची, निगडीवरून तळवड्याला यायची, तिथल्या चौकात अडकायची, मग इंद्रायणीचा पूल ओलांडून महाळुंगे. दवाखाना गेटच्या आत, कँटीनच्या शेजारी. दवाखाना सांभाळायला गणराज नावाचा ब्रदर होता, परभणीकडचा, चेहऱ्यावरची माशीही न हलू देणारा. त्याने पहिल्याच दिवशी तिला सगळं समजावून सांगितलं. सोमवारी सकाळी चक्कर येणारे जास्त असतात. नाइट शिफ्ट संपताना ॲसिडिटी. सणाच्या आधी दोन दिवस कंबरदुखीची साथ येते, ती सण झाला की आपोआप जाते. डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला मात्र खरा असतो, त्याला आधी घ्यायचं.

पहिल्या आठवड्यात तिचं पुस्तक एकाच पानावर उघडं राहिलं. तेव्हा गणराजने आपणहून दारावर एक कागद चिकटवला: मॅडमचा परीक्षेचा अभ्यास चालू आहे, किरकोळ तक्रारीसाठी येऊ नये. झालं उलटंच. डॉक्टर झाल्यावर आणखी कसली परीक्षा असते, हे बघायला माणसं येऊ लागली. येताना सोबत काहीतरी तक्रार आणावी लागते म्हणून ब्लडप्रेशर तपासून घ्यायची. मग प्रश्न सुरू. मॅडम, कशाची परीक्षा? रेडिएशन ऑन्कॉलॉजी. म्हणजे एक्स-रे काढणार? नाही, एक्स-रे, सोनोग्राफी ती रेडिऑलॉजी. हे वेगळं, यात कॅन्सरला किरण देऊन बरं करतात. म्हणजे एक्स-रेच की.

दिवसातून चारदा हे झाल्यावर एक दिवस तिने पुस्तक मिटलं आणि फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका ड्रायव्हरला नीट समजावायला बसली. दंडाला पट्टा बांधलेला, त्याला उठून जाता येईना. ती म्हणाली, समजा ह्या टेबलाच्या मधोमध एक मुंगी आहे. एका बाजूने कडक टॉर्च मारला तर वाटेतलं सगळं भाजेल. पण दहा जणांनी दहा बाजूंनी मंद टॉर्च मारले, तर वाटेत कुठेच फार लागणार नाही, आणि जिथे सगळे उजेड एकत्र येतात तिथे मुंगीचं काम तमाम होईल. ड्रायव्हर म्हणाला, कळलं. आणि त्याच वेळी विजयश्रीलाही कळलं, की गेल्या महिन्यात तिने हा धडा तीनदा वाचला होता आणि तो आत्ता कुठे तिच्या डोक्यात बसला.

त्या दिवसापासून महाळुंग्याच्या दवाखान्यात अभ्यासाची नवी पद्धत सुरू झाली. सकाळी बसमध्ये जो विषय वाचायचा, तो दिवसभरात जो येईल त्याला मराठीत शिकवायचा. ॲसिडिटीवाल्याला थायरॉइड, कंबरदुखीवाल्याला हृदयाच्या झडपा. याचा एक फायदा असा झाला की खोटी कंबरदुखी पुष्कळ कमी झाली. पण काही जणांना गोडी लागली. वेल्डिंगमधला एक जण तर जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारायचा, काल कावीळ अर्धी राहिली होती.

गणराजचं काम प्रश्न विचारण्याचं. मोबाइलमधल्या सराव परीक्षेचे प्रश्न तो एकेक अक्षर लावून वाचायचा, आणि आजारांची नावं त्याच्या तोंडून अशी काही निघायची की आधी शब्द ओळखायचा आणि मग उत्तर. उत्तर चुकलं की तो काही बोलत नसे. फक्त फोन टेबलावर उलटा ठेवायचा आणि ड्रेसिंगची ट्रॉली पुसायला लागायचा. विजयश्रीला कॉलेजातल्या कुठल्याही प्राध्यापकाची एवढी भीती वाटली नव्हती.

जानेवारीत खंडू दवाखान्यात आला.

खंडू प्रेसवर काम करायचा, महाळुंग्याचाच राहणारा, चाळिशीच्या आतला उंचापुरा माणूस. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा मावा. त्याला ॲसिडिटीचं औषध हवं होतं, कारण आठ-पंधरा दिवस तिखट खाल्लं की तोंडाची आग होत होती. विजयश्रीने त्याला तोंड उघडायला सांगितलं. तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. टॉर्च मारला तर डाव्या गालाच्या आतून पांढरा चट्टा, आणि चट्ट्याच्या मधे एक लहान व्रण, कडा जाड झालेल्या. तिने हातमोजा घालून बोट फिरवलं. खंडूने सांगितलं की तिथली दाढ घासते, म्हणून झालंय.

त्या दिवशी त्याला कुठलाही धडा शिकवला गेला नाही. तिने चिठ्ठी लिहिली, कुठे जायचं ते सांगितलं, तुकडा काढून तपासायचा आहे एवढंच म्हणाली. खंडू मान हलवून गेला आणि नंतर फिरकला नाही. गणराजला विचारलं तर तो म्हणाला, दवाखान्यावरून जायचं टाळतोय, कँटीनला मागच्या दाराने येतो.

शेवटी तिने हेल्मेट घातलं, सेफ्टी शूज मागून घेतले आणि प्रेस शॉपमध्ये गेली. तिथे एवढा आवाज की तिलासुद्धा गप्प बसावं लागलं. सुपरवायझरने मशीन थांबवून खंडूला बाहेर पाठवलं. बाहेर पत्र्याच्या ढिगाशेजारी तो मान खाली घालून उभा राहिला.

"चैतात गावची जत्रा हाय मॅडम," तो म्हणाला. "यंदा आमच्याकडं मान हाय. जत्रा झाली की जातो."

"जत्रेला मलाही यायचंय," विजयश्री म्हणाली. "पण तोवर थांबायचं नाही, खंडूभाऊ. उद्या तुकडा काढू. काही निघालं नाही तर मला शिव्या द्या."

"आन निघालं तर?"

"तर आत्ता ते एवढंसं आहे. जत्रेनंतर एवढंसं राहणार नाही."

त्याने खिशातली माव्याची पुडी काढून तिच्या हातात दिली, जणू तिनेच ती मागितली होती, आणि आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो बायकोला, भाग्यश्रीला, घेऊन तपासणीला गेला.

निघालं. पण वेळेत निघालं. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, गालाचा आतला भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या. त्यातल्या एका गाठीत रोग पोचलेला सापडला, म्हणून वर रेडिएशन घ्यायला सांगितलं. आणि ते ज्या हॉस्पिटलात घ्यायचं होतं, ते विजयश्रीचंच, तळघरातलं.

रेडिएशनला सगळे शेक म्हणतात. खंडूला गावात लोकांनी शेकाबद्दल काय काय सांगून ठेवलं होतं. शॉक देतात, माणूस काळा पडतो, आतून जळतो. तो दवाखान्यात येऊन बसला आणि पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाला की मला बी ती मुंगी सांगा. विजयश्रीने सांगितली. ऐकून तो म्हणाला, मुंगी समजली, पण माझ्या घरच्यांना काय सांगू? तिने भाग्यश्रीला बोलावून घेतलं आणि तिलाही सांगितली. परीक्षेला चार महिने उरले होते, आणि तिच्या वेळापत्रकात त्या आठवड्यात नेत्ररोग होता, ज्याच्याशी तिचं कधीच पटलं नव्हतं. तरी शेकाच्या पहिल्या दिवशी तिने सुट्टी टाकली. घरी पप्पांनी एकदाच विचारलं, त्याच्याबरोबर त्याची बायको जाणार आहे ना? ती म्हणाली, हो, आणि मीही. पप्पांनी पेपर पुन्हा वर धरला.

डोक्याला आणि मानेला शेक देताना माणूस हलता कामा नये. त्यासाठी चेहऱ्याचा मुखवटा करतात. जाळीदार पांढरा प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा, ओला कोमट असतानाच चेहऱ्यावर दाबायचा, आणि पाच-दहा मिनिटांत तो चेहऱ्याच्या आकारात कडक होतो. मग रोज तोच मुखवटा घालून टेबलाला खिळवून ठेवायचं. मुखवटा करून घेताना खंडूने सोसलं, कारण आजूबाजूला माणसं होती. पण पहिल्या शेकाला मुखवटा लावून सगळे खोलीबाहेर आले, जाडजूड दार बंद झालं, आणि पडद्यावर दिसलं की त्याने हात वर केलाय. टेक्निशियनने आत जाऊन सोडवलं. पुन्हा लावलं, पुन्हा हात वर. तिसऱ्या वेळी तो उठून बसला आणि म्हणाला, मला घरी जायचं. बाहेर भाग्यश्री पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

अपेक्षा वैतागली नव्हती, तिने असे पुष्कळ पाहिले होते. तिने सांगितलं, उद्या झोपेची हलकी गोळी देऊन करू. विजयश्रीने विचारलं, आत ऐकू जाईल असा माईक आहे ना? त्यावर मी बोलू का? अपेक्षाने टेक्निशियनकडे पाहिलं, टेक्निशियनने खुर्ची सरकवून दिली.

विजयश्री खंडूला जाऊन म्हणाली की आत कोणी थांबू शकत नाही, पण माझा आवाज असेल, आणि तो थांबणार नाही. तुम्ही फक्त आपल्या कंपनीच्या बसमध्ये बसायचं. मग ती माईकपुढे बसली.

तिने गाडी पिंपरीतून काढली. ड्रायव्हरने चहा अर्धा टाकून गिअर टाकला, तो वेल्डिंगवाला नेहमीप्रमाणे पळत पळत मागच्या दाराने चढला. चिंचवडला खिडकीतून वडापावचा वास आला. आकुर्डीला सिग्नल लागला. निगडीत चौघं चढली, त्यातल्या दोघांचं जागेवरून वाजलं, मागच्याने मधे पडून मिटवलं. प्रत्येक स्टॉप तिने सावकाश घेतला. पडद्यावर खंडूचे हात दोन्ही बाजूंना पडले होते, मुठी वळलेल्या. मग हळूहळू त्या सैल झाल्या. मशीन त्याच्याभोवती फिरत होतं. गाडी तळवड्याच्या चौकात आली, पुढे कंटेनर आडवा झालेला, हॉर्नवर हॉर्न, आणि विजयश्री त्या कंटेनरच्या क्लीनरचं वर्णन करत असताना टेक्निशियनने तिच्या खांद्याला हात लावला. झालं होतं. केव्हाच.

दार उघडलं, मुखवटा काढला. खंडूच्या चेहऱ्यावर जाळीचे चौकोन उमटले होते. तो उठून बसला आणि म्हणाला, "ताई, गाडी तळवड्यातच ऱ्हायली की."

तो त्या दिवसापर्यंत तिला मॅडम म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी तिची गरज पडली नाही. त्याने सांगितलं की आता मी माझा जातो. मुखवटा लागला की तो मनात पिंपरीला बसमध्ये बसायचा. तळवड्याच्या पुढे एकदाही जाता आलं नाही, पण त्याची त्याला तक्रार नव्हती. खऱ्या बसनेही तो चौक कुठे वेळेत पार होतो?

शेक पुढे जातो तसा त्रास वाढतो. तिसऱ्या आठवड्यात खंडूच्या तोंडात फोड आले, चव गेली, थुंकी दोरीसारखी घट्ट झाली. एका शुक्रवारी तो गेलाच नाही, आणि सोमवारीही नाही. भाग्यश्री दवाखान्यात येऊन सांगून गेली. जेवणाच्या सुट्टीत विजयश्री गणराजच्या मोटारसायकलवर मागे बसून त्याच्या घरी गेली. तो ओट्यावर बसला होता, समोर पातळ भात, हातही न लावलेला. ती त्याच्याशेजारी बसली. तिने भात कालवून त्यात थोडं दूध घातलं, थंड केलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. मग म्हणाली की दोन दिवस चुकले ते अपेक्षा मॅडम पुढे भरून काढतील, पण मधे खंड पडला की रोगाच्या वाचलेल्या पेशी डोकं वर काढतात. नाकातून नळी घालून पोट भरता येतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र शेक सोडायचा नाही. खंडू म्हणाला, बघू. संध्याकाळी भाग्यश्रीचा फोन आला की ती दोघं हॉस्पिटलात पोचली आहेत.

मेच्या मध्याला त्याचा शेवटचा शेक झाला. जत्रा केव्हाच होऊन गेली होती, मान त्याच्या भावाने घेतला होता. जूनच्या शेवटी तो हलक्या कामावर रुजू झाला. चव अजून आली नव्हती. त्यामुळे कंपनीत आपण एकटेच असे आहोत ज्यांना कँटीनची भाजी घरच्यासारखी लागते, असं तो सांगत सुटला, आणि कँटीनवाला त्याच्यावर रुसला.

ऑगस्टमध्ये परीक्षा झाली. केंद्र मोशीकडे होतं. पप्पा तिला सोडायला आले आणि गेटबाहेरच्या झाडाखाली सगळा वेळ उभे राहिले, बसायला जागा असूनही. पेपरात रेडिएशनचा जेमतेम एखादा प्रश्न होता. नेत्ररोगाचे मात्र भरपूर होते, आणि ते बघून तिला हसू आलं, कारण त्यातले निम्मे तिने डोळ्यात लोखंडाचा कण गेलेल्यांना समजावले होते.

निकाल आला तेव्हा ती दवाखान्यात एकाच्या बोटाला टाके घालत होती. गणराजने तिच्या फोनवर पाहिलं, आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि ट्रॉली पुसायला लागला. तिला वाटलं, गेलं. टाका पुरा करून तिने फोन घेतला. रँक तिच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वरची होती. गणराज पाठमोरा होता, कारण त्याचे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नयेत अशी त्याची इच्छा होती.

आणि इथून खरी पंचाईत सुरू झाली. त्या रँकला शेवटच्या फेरीत, कुठल्यातरी लांबच्या राज्यात का होईना, रेडिऑलॉजी मिळण्याची शक्यता होती. रेडिऑलॉजी म्हणजे सगळ्यांनी ज्यासाठी जीव टाकावा अशी शाखा. आत्या फोन करून म्हणाली, वर्षभर तू तेच तर म्हणत होतीस. कंपनीतले लोक म्हणाले, अभिनंदन, शेवटी एक्स-रेच ना? कॉलेजच्या मित्रांनी तर तिला वेडी ठरवलं. ज्या शब्दाची चूक तिने वर्षभर दुरुस्त केली होती, तो शब्द आता खरोखरच तिच्यापुढे ताटात वाढून ठेवला होता, आणि एका रात्रीपुरती ती डळमळली. हे तिने नंतर प्रामाणिकपणे कबूल केलं. रोज संध्याकाळी घरी येता येईल, कुणाच्या ओट्यावर बसून भात कालवावा लागणार नाही, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

पसंतीक्रम भरायच्या आदल्या संध्याकाळी पप्पा तिच्या समोर येऊन बसले. इतक्या दिवसांत त्यांनी मत दिलं नव्हतं.

"तुझा तो खंडू बरा झाला," ते म्हणाले. "सगळे होतील का?"

"नाही."

"रोज बघणार त्यांना. सुनांची नावं माहीत असणार. झेपेल?"

स्वयंपाकघरात आईने गॅस बारीक केला, ते ऐकू आलं.

"माहीत नाही, पप्पा," विजयश्री म्हणाली. "पण जे बरे होणार नाहीत, त्यांनाही तिथे कुणीतरी लागतंच. आणि मला तिथे कंटाळा येत नाही. बाकी कुठेही येतो."

पप्पा म्हणाले, टूलरूममध्ये मला तीस वर्षं कंटाळा आला नाही, हे एक कारण पुरतं. आणि उठून टीव्ही लावला.

अपेक्षाने तिला फोनवर आणखी एक सांगितलं होतं: इथे येऊ नकोस. इथे तुला सगळे ओळखतात, लाड होतील. जिथे पेशंटची रांग मोठी, तिथे जा. विजयश्रीने पहिली पसंती नागपूर टाकली. दोन जागा होत्या, त्यातली एक तिला मिळाली.

दवाखान्यातला शेवटचा दिवस गडबडीत गेला. नवा डॉक्टर आला होता, शांत, चष्मा लावलेला, ऑर्थोपेडिक्सची तयारी करणारा, आणि गणराजने त्याला सोमवारची चक्कर समजावायला सुरुवातही केली होती. खंडू कामाच्या कपड्यांतच आला. त्याला आता थोडी गोड चव कळायला लागली होती. भाग्यश्रीने देहूहून, तिच्या माहेरून, आणलेले पेढे त्याने टेबलावर ठेवले आणि एक स्वतः उचलून खाल्ला, तिला दाखवण्यासाठी. तिने त्याला दर दोन महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही म्हणून दम दिला. त्याने तोंड उघडून दाखवलं. व्यायाम करून ते आता अडीच बोटं उघडत होतं.

नागपुरात विजयश्री याआधी कधी गेली नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिला मुखवट्यांच्या खोलीत उभं केलं. गरम पाण्याची टाकी, एकामागून एक माणसं, आणि सीनियर सांगतो आहे तसं दाबायचं. पहिले दोन मुखवटे तिचे वाकडे झाले आणि फेकून द्यावे लागले. तिसरा भंडाऱ्याकडच्या एका म्हातारीचा होता. मुखवटा कडक होईपर्यंत विजयश्री तिच्याशी बोलत राहिली, ती कोण, कुठली, घरी कोण असतं. मुखवट्याखाली म्हातारीला बोलता येत नव्हतं. मुखवटा निघाल्यावर तिने तोंडावरचं पाणी पुसलं, या नव्या डॉक्टरीणबाईकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आता तू चूप राय, मले बोलू दे."

विजयश्री स्टूल ओढून बसली. बाहेर रांग होती, पण मुखवटा नीट बसला होता, आणि पाणी पुन्हा तापायला अजून थोडा वेळ होता.